हलवून खुंटा बळकट

आपल्या भाषेंत 'हलवून खुंटा बळकट करणें' असा एक वाक्प्रचार रूढ आहे. खुंटा ठोकून झाल्यावर तो पक्का बसला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं शेतकरी तो हातानें हलवून पाहतो, आणि हलत असल्यास आणखी दोन घाव घालतो. त्यावरून, झालेली खात्री पुन्हां करून घेणें अशा अर्थानें आपण हे शब्द वापरतों. परंतु पुष्कळ लोक यांतील 'बळकट करणें' एवढेंच ध्यानांत ठेवितात आणि 'हलवून' हा शब्द विसरतात, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. खुंटा हलतो असें दिसतांच ते घाव घालूं लागतात. माती भुसभुशीत आहे, कीं खुंट्याचें टोंक कुजलें आहे, कीं भोकच मोठें पडलें आहे, याचा शोध न घेतां घातलेले हे घाव बहुधा वायां जातात.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत या गोष्टीचा एक चांगला दाखला आम्हांस मिळाला, आणि तो एका जुन्या स्पोर्ट्स कारमध्यें मिळाला. शाळेच्या वार्षिकांत मोटारीच्या दुरुस्तीचा लेख कशाला, असें कोणी म्हणेल. पण आमच्या वर्गांतील निम्म्या मुलांचें लक्ष खिडकीबाहेरून जाणाऱ्या मोटारीकडे असतें हें आम्हांस ठाऊक आहे. तेव्हां जिकडे त्यांचें लक्ष आहे तिकडूनच चार गोष्टी सांगाव्या, असा आमचा विचार आहे.

एस्‌.टी.च्या गाडींत ड्रायव्हरच्या डाव्या हाताशीं एक उंच दांडा असतो. गाडी उभी असतांना तो इंजिनाच्या धडधडीबरोबर थरथरत असतो, आणि ड्रायव्हर तो अशा कांहीं लकबीनें पुढें-मागें ढकलतो कीं, पुढच्या बांकावरचीं मुलें त्याकडे टक लावून पाहत राहतात. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा जमाना ऑक्टोबर २०२३ मध्यें संपला. तिच्यांत हा दांडा पुष्कळ वर्षें स्टिअरिंगच्या खांबावर आडवा बसविलेला असे. जागा कोठेंही असो, दांड्याचें काम एकच. इंजिनाची शक्ति चाकांकडे जातांना वाटेंत दंतचक्रांची एक पेटी लागते, तिला गिअरबॉक्स म्हणतात. चढावर जोर अधिक पाहिजे व वेग थोडा चालतो. सपाट रस्त्यावर वेग पाहिजे व जोर थोडा पुरतो. म्हणून चक्रांच्या निरनिराळ्या जोड्या आळीपाळीनें कामास लावाव्या लागतात. पेटींत तीन पोलादी सळया असतात व प्रत्येकीवर एक बेचकें बसविलेलें असतें. पांच गिअरांच्या गाडींत बहुधा एका सळईकडे पहिला व दुसरा गिअर, दुसरीकडे तिसरा व चौथा, आणि तिसरीकडे पांचवा व उलटा गिअर, अशी वांटणी असते. दांडा आडवा हलविला म्हणजे कोणती सळई धरावयाची तें ठरतें. पुढें-मागें हलविला म्हणजे ती सळई सरकते आणि तिचें बेचकें योग्य त्या चक्राची जोडणी करितें. वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडणार नाहीं.

आमचा भाचा इंग्लंडांत कॉव्हेन्ट्री शहरीं नोकरीस आहे. हें शहर म्हणजे मोटारींचें जुनें माहेरघर. ट्रायम्फ कंपनीच्या 'स्पिटफायर' नांवाच्या छोट्या, उघड्या, दोनच माणसें बसतील अशा गाड्या तेथील कॅनली भागांतल्या कारखान्यांत १९८० पर्यंत तयार होत. त्या बंद पडल्या, आणि हलक्या व माफक किमतीच्या स्पोर्ट्स कारचे दिवस गेले असें लोक म्हणूं लागले. ते दिवस परत आणिले ते जपानांतील हिरोशिमा येथील माझ्दा कंपनीनें. ही कंपनी १९२० साली निघाली ती बुचाचा माल करण्यासाठीं, हें सांगितल्यास पुष्कळांस खरें वाटणार नाहीं. १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या मोटार-प्रदर्शनांत तिनें 'एम्‌एक्स-५' ही गाडी लोकांपुढें मांडली. जुन्या इंग्रजी गाड्यांचा हलकेपणा तिच्यांत होता, आणि त्यांच्याप्रमाणें ती वाटेंत रुसून बसत नसे. २०१६ च्या एप्रिलांत अशा दहा लाख गाड्या पुऱ्या झाल्या. १९४० च्या नोव्हेंबरांत बाँबवर्षावानें जळालेल्या कॉव्हेन्ट्रींत, १९४५ च्या ऑगस्टांत बेचिराख झालेल्या हिरोशिमाची गाडी एका मराठी मुलाच्या दाराशीं उभी पाहून आमच्या मनांत पुष्कळ विचार आले. पण ते पुन्हां केव्हां तरी.

या गाडीच्या कर्त्यांनीं 'जिन्बा इत्ताइ' हें जपानी वचन आपल्यापुढें ठेविलें होतें. घोडा व स्वार एकरूप होणें, असा त्याचा अर्थ. घोड्याचा लगाम हातांत जसा बोलतो, तसा गिअरचा दांडा बोलावा म्हणून त्यांनीं तो थेट गिअरबॉक्सच्या पाठीवरच बसविला. पद्मिनीच्या खांबावरील दांड्याची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पोंचेतों मध्यें सळया व सांधे लागत, आणि दर सांध्यावर थोडी थोडी ढिलाई सांचत जाई. येथें तसें कांहीं नाहीं. दांडा आंखूड आहे, त्याची हालचाल थोडी आहे, आणि मनगट किंचित वळविलें कीं गिअर 'टक्‌' करून पडतो. या गाडीच्या चाहत्यांस तिचें सर्वांत मोठें कौतुक वाटतें तें याच गोष्टीचें.

आमच्या भाच्याची गाडी १९९६ सालची. चार वर्षांपूर्वीं त्यानें ती एका वृद्ध गृहस्थाकडून स्वतःच्या कमाईनें घेतली होती, आणि तिच्यावर त्याचा जीव होता. पण आतां त्याच्या घरीं पाळणा हलावयाचा होता, आणि दोन बैठकींच्या गाडींत तिसऱ्याची सोय नाहीं. गाडी विकावयाची ठरली. रुग्णालयांत रात्रपाळी करणारी एक तरुण परिचारिका ती घेण्यास तयारही झाली. मात्र दोन महिन्यांपासून गिअरचा दांडा खिळखिळा झाला होता. गिअरांत असतांनाही तो दोन बोटें इकडे तिकडे डुले, वेग वाढला कीं खडखडे, आणि तिसरा कोणता व पहिला कोणता हें हातास नीट कळत नसे. भाच्यानें गाडी जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानीं नेली. तेथील मिस्त्रीनें ती रस्त्यावर एक फेरी मारून आणिली आणि 'गिअरबॉक्स गेला' असा निकाल देऊन टाकिला. नवा गिअरबॉक्स बसविण्याचा खर्च सांगितला तो गाडीच्या किमतीहून अधिक! शेजारच्या एका स्नेह्यानें यावर सोपा तोडगा सुचविला. दांड्याभोंवतींच्या चामडी पिशवींत फोमचे तुकडे दाबून भर, खडखड ऐकूं येणार नाहीं. घेणारीला त्यांतलें काय कळतें आहे?

आम्ही तेथें पोंचलों त्या दिवशीं रात्रीं जेवतांना ही गोष्ट निघाली. भाचा म्हणाला, "मामा, ती बाई रात्रपाळी संपवून पहाटे मोठ्या रस्त्यानें घरीं जाते. तिसऱ्यांतून चौथ्यांत टाकायला गेली आणि दांडा दुसऱ्यांत पडला, तर?"

त्याचें भय खोटें नव्हतें. वाचकांनीं दांड्याच्या वाटांचा नकाशा डोळ्यांपुढें आणावा. तिसरा गिअर मध्यें पुढच्या बाजूस असतो, चौथा सरळ त्याच्या मागें, आणि दुसराही मागच्याच अंगास, पण डावीकडे. दांडा सरळ मागें ओढतांना तो डावीकडे घसरला तर चौथ्याऐवजीं दुसरा पडतो. गाडी वेगांत असतांना असें झालें आणि क्लच सोडला, म्हणजे चाकें इंजिनास त्याच्या शक्तीबाहेर फिरवितात. इंजिनाची खराबी होते ती होतेच, पण मागचीं चाकें एकदम अडखळून ओल्या रस्त्यावर गाडी गरकन्‌ फिरण्याचाही संभव असतो. पिशवींत फोम भरल्यानें खडखड थांबली असती. हा धोका मात्र तसाच राहिला असता, आणि वर तो झांकला गेला असता.

आम्ही म्हणालों, "अरे, मग तो दांडा हलतो तरी कां, तें आधीं पाहूं या. तूं हात घाल, आम्ही बॅटरी धरतों आणि लिहून घेतों."

दुसऱ्या दिवशीं शनिवार होता. गाडी सपाट जागेंत उभी करून, हातब्रेक ओढून, चाकांस विटा लावून आम्हीं तपासणीस आरंभ केला. भाच्यानें एक एक प्रश्न करावा, दांडा हलवून त्याचें उत्तर पाहावें, आणि आम्हीं तें कागदावर टिपून घ्यावें, असा क्रम ठरला.

पहिला प्रश्न असा कीं, दांडा सैल आहे, कीं नुसती वरची मूठ? मूठ आट्यांवर फिरवून बसविलेली असते व ती ढिली होऊं शकते. भाच्यानें मुठीखालचा पोलादी दांडा एका हातानें धरून दुसऱ्या हातानें मूठ हलविली. ती पक्की होती.

दुसरा प्रश्न असा कीं, ही हालचाल नैसर्गिक तर नव्हे? दांडा न्यूट्रलमध्यें असतां आडवा हलतो, तो त्याचा धर्मच आहे. एरवीं त्यास सळया निवडतां आल्या नसत्या. म्हणून न्यूट्रलमधील हालचालीवरून कांहींच ठरवावयाचें नाहीं. गिअर टाकल्यावर तो किती डुलतो, त्यावरूनच काय तें ठरवावयाचें.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ढिलाई एखाद्याच गिअरांत आहे, कीं सगळ्यांत? इंजिन बंद ठेवून भाच्यानें एकेक गिअर टाकला व मुठीचें टोंक किती डुलतें तें फूटपट्टीनें मोजलें. पांचही गिअरांत आणि उलट्यांतही आंकडा जवळजवळ सारखाच आला. यावरून काय निघतें, तें वाचकांनीं क्षणभर थांबून स्वतःच ताडून पाहावें. पेटींत सळया तीन, बेचकीं तीन व चक्रांच्या जोड्या अनेक. त्यांतील एखादी वस्तु झिजली, तर तिच्याकडे असलेल्या गिअरांतच दोष दिसेल, बाकीचे गिअर शाबूत राहतील. सर्व गिअरांत सारखाच दोष दिसतो, त्या अर्थीं तो सर्वांस समाईक अशा ठिकाणीं असला पाहिजे. आणि सर्वांस समाईक असा दांडा व त्याचा तळ! एका फूटपट्टीनें गिअरबॉक्सवरील मुख्य आरोप अर्धाअधिक उडवून लाविला.

चौथा प्रश्न असा कीं, गाडी चालतांना गिअर आपोआप निसटतो काय? प्रत्येक सळईस एका स्प्रिंगनें दाबलेली लहानशी पोलादी गोळी जागच्या जागीं धरून ठेवीत असते. ती यंत्रणा किंवा बेचकें झिजलें म्हणजे उतारावर पाय उचलतांच गिअर निसटून न्यूट्रलमध्यें येतो. येथें तसें एकदांही झालें नव्हतें.

पांचव्या प्रश्नासाठीं आम्हीं गाडींतून एक लहानशी फेरी केली. भाच्यानें मध्येंच जोरानें वेग वाढवावा व मध्येंच पाय उचलावा, आणि आम्हीं दांड्याकडे पाहत बसावें. इंजिन व गिअरबॉक्स ज्या रबरी पायांवर बसविलेले असतात ते पाय मऊ पडले असतील, तर सगळा गिअरबॉक्सच डोलतो, आणि त्याबरोबर दांडाही पुढें-मागें झुकतो. येथें दांडा खडखडत होता खरा, पण झुकत नव्हता. आणि त्यावर नुसता हात ठेवितांच खडखड बंद होई. म्हणजे आवाज दांड्याच्या बैठकीचा होता.

याच फेरींत आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. दांड्याच्या बुडाशीं, पिशवीच्या चुणींतून, ऊन वाफ आणि तापलेल्या तेलाचा वास येत होता. ही गोष्टही आम्हीं कागदावर लिहून ठेविली, आणि पुढें ती फार उपयोगी पडली.

येथें शास्त्राचा एक मुद्दा सांगितल्यावांचून पुढें जावत नाहीं. दांडा ही पहिल्या प्रकारची तरफ आहे. त्याच्या मध्यावर, किंवा खरें म्हणजे पुष्कळ खालीं, एक गोल गांठ असते. ती वाटीसारख्या बैठकींत फिरते व तीच टेकू होय. टेकूच्या खालचा भाग आंखूड आणि वरचा लांब. समजा, वरचा भाग खालच्याच्या चौपट आहे. मग तळाशीं पांच मिलिमीटर ढिलाई झाली कीं मुठीशीं ती वीस मिलिमीटर होऊन दिसेल. हातास जो दोष मोठा भासतो तो मुळांत त्याच्या चौथाई असतो, आणि हात जेथें असतो तेथें तर तो बहुधा नसतोच. तरफेचें हें गणित आठवींतल्या मुलासही येतें. पण तें फळ्यावर सोडविणें निराळें आणि सैल दांडा हातांत असतांना आठवणें निराळें.

अशा रीतीनें कागदावरील पुरावा एकाच ठिकाणाकडे बोट दाखवूं लागला, तेव्हां भाच्यानें पाने हातीं घेतले. मूठ उलटी फिरवून काढिली. दोन बैठकींमधली लांबट पेटी स्क्रू काढून उचलली. खालीं एक मोठें रबरी टोपण चार बोल्टांनीं बसविलेलें होतें. तें काढल्यावर त्याच्या आंत दुसरें लहान रबरी टोपण व दांड्याची बैठक दिसली. तिचे बोल्ट तीन. हें आंतलें रबर एका अंगास चांगलें बोटभर फाटलें होतें. तेलाचा वास कोठून येत होता, तें आतां कळलें.

बोल्ट काढण्यापूर्वीं भाच्यानें आजूबाजूची धूळ फडक्यानें पुसून घेतली. कारण दांडा वर काढला म्हणजे गिअरबॉक्सचें तोंड उघडें पडतें, आणि त्यांत पडलेला वाळूचा कण किंवा निसटलेला बोल्ट पुढें महागांत पडतो. मग त्यानें दांडा अलगद वर ओढला. त्याचें खालचें टोंक लहान गोळीसारखें असतें आणि त्या गोळीवर नायलॉनची एक पांढरी वाटी टोपीसारखी बसविलेली असते. तिला बुश म्हणतात. आमच्या हातीं आलेल्या दांड्यावर वाटी नव्हतीच! उघडी पोलादी गोळी पोलादी खांचेंत लटलट करीत होती. बॅटरीच्या उजेडांत खालच्या खळग्यांत पाहिलें, तों तेल जवळजवळ आटलेलें, आणि तळाशीं काळ्या चिखलांत बुशचे तीन तुकडे. भाच्यानें ते लांब चिमट्यानें एकेक करून काढिले व कागदावर जुळवून पाहिले. वाटी पुरी भरली, तेव्हांच त्याचें समाधान झालें. एखादा तुकडा आंत राहता तर तो भलत्या ठिकाणीं जाऊन अडकला असता.

या बुशची योजना विचार करण्यासारखी आहे. दांडा पोलादाचा, त्याची खांचही पोलादाची. मग मध्यें हा मऊ पदार्थ कशाला? याचें उत्तर असें कीं, दोन कठीण वस्तु एकमेकींवर सतत घांसल्या तर त्या खडखडतात आणि दोघीही झिजतात. मध्यें एक मऊ वस्तु घातली म्हणजे आवाज मरतो, आणि झीज सगळी त्या मऊ वस्तूच्या वांट्यास येते. ती झिजावी व बदलावी यासाठींच तिला तेथें बसविलेलें असतें. म्हणून ती स्वस्त असते, आणि गिअरबॉक्स न उतरवितां हात पोंचेल अशा जागीं असते. वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञानें अमेरिकेंतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९३५ साली नायलॉन प्रथम तयार केलें. आरंभीं दांत घांसण्याच्या ब्रशाचे केस व पायमोजे यांसाठीं त्याची कीर्ति झाली. परंतु यंत्रांच्या पोटांत असें मुकाट झिजण्याचें कामही तें घरोघर करीत आहे.

आतां नवा बुश बसविला कीं काम झालें, असें कोणासही वाटेल. पण आमच्या कागदावर तेलाचा वास लिहिलेला होता. दांड्याखालच्या खळग्यांत थोडें वेगळें तेल असतें, आणि तें आंतच राहावें व बाहेरची धूळ आंत जाऊं नये म्हणून तें लहान रबरी टोपण असतें. तें फाटलें, म्हणून तेल आटलें. तेल आटलें, म्हणून बुश कोरडा घांसत राहिला. आणि जुना झालेला नायलॉन शेवटीं फुटला. रबर तसेंच ठेवून नुसता बुश घातला असता, तर कांहीं महिन्यांनीं तोही त्याच वाटेनें गेला असता. म्हणून भाच्यानें बुश, आंतलें व बाहेरचें अशीं दोन्ही रबरें, आणि दांड्याच्या गोल गांठीवर दाब ठेवणारा लाटेसारखा वळविलेला एक वॉशर, अशा चार वस्तु मागविल्या. हा वॉशर चपटा पडला म्हणजेच दांडा खडखडूं लागतो. या चारही वस्तूंची किंमत मिळून नव्या गिअरबॉक्सपुढें कांहींच नव्हती.

वस्तु आल्यावर खळगा चिंध्यांनीं पुसून कोरडा केला, गिअरबॉक्सचें तेल बेतानें ओतलें, आणि नवा बुश दांड्याच्या टोंकावर बसविला. खालीं सोडतांना तो निसटून पडूं नये म्हणून भाच्यानें टोंकास थोडें ग्रीस लाविलें होतें. त्या चिकटपणानें तो जागचा हलला नाहीं. दांडा खांचेंत बसला. बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनें आंवळले. पेटी चढविण्यापूर्वीं भाच्यानें पुन्हां फूटपट्टी लावून सर्व गिअर तपासले. ढिलाई एका नखाइतकीही उरली नव्हती. मग आम्ही फेरीस निघालों, आणि दर गिअराला तो 'टक्‌' आवाज ऐकून भाच्याच्या चेहऱ्यावर जें हंसूं उमटलें, तें परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं आम्ही पुष्कळ वेळां पाहिलेलें आहे.

तथापि हकीकत येथें संपत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, इंजिन थंड असतांना, दुसरा गिअर टाकतांच बारीक 'खर्र' असा आवाज झाला. दांड्याच्या खडखडीपुढें तो आजवर कोणाच्या ध्यानांत आला नव्हता. गिअर बदलतांना दोन चक्रांचा वेग आधीं सारखा करून मग त्यांची जोडणी करणारी एक युक्ति असते. १९२८ साली ती प्रथम कॅडिलॅक गाडींत आली, आणि पुढें सर्वांनीं ती उचलली. या युक्तींतील पितळी कडें झिजलें म्हणजे असा आवाज होतो. तेल गरम झाल्यावर तो नाहींसा झाला. धोका म्हणावा असा हा दोष नव्हता. पण तो खरोखर पेटीच्या आंतला होता, आणि बुश बदलून तो जाणारा नव्हता.

भाचा कांहीं वेळ गप्प बसला. त्याच्या बायकोनें विचारिलें, "सांगणार का त्यांना?" घरीं खर्च वाढणार होता, आणि गाडीच्या पैशांवर पाळणा व बाळाची खोली यांचा हिशेब बसविलेला होता. दुपारीं आलेल्या गिऱ्हाइकास गरम गाडींत हा आवाज ऐकूंही आला नसता. आम्हीं कांहीं बोललों नाहीं. बोलण्याचा प्रसंगच आला नाहीं. त्यानें फोन करून त्या परिचारिकेस दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठ वाजतां बोलाविलें, आणि ती येईपर्यंत इंजिन मुद्दाम सुरू केलें नाहीं. तिला बुशचे तीन तुकडे दाखविले, आमचा कागद दाखविला, आणि मग थंड गाडींत तिच्याच हातानें दुसरा गिअर टाकवून तो आवाज ऐकविला. तिनें किंमत थोडी कमी करून मागितली. त्यानें ती केली. जातांना तिनें तो कागद मागून घेतला. पुढच्या मिस्त्रीस दाखवावयास बरा पडेल, असें ती म्हणाली. पाळण्याचें पुढें काय झालें असें कोणी विचारील, तर तो एका शेजारणीकडून जुना पण मजबूत असा मिळाला, आणि भाच्यानें त्याचेही सर्व स्क्रू हलवून पाहिले.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोडेच पुढें मोटारींचे मिस्त्री होतील. पण सैल झालेला दांडा प्रत्येकाच्या हातीं केव्हांना केव्हां येणार आहे. कोणाचें गणित कच्चें राहील, कोणाचा पंप पाणी देईनासा होईल, कोणाच्या घरीं दोन माणसांचें जमेनासें होईल. अशा वेळीं 'सगळेंच बिघडलें' असा निकाल देणारे पुष्कळ भेटतील, आणि फोम भरून आवाज बंद करा म्हणून सांगणारेही भेटतील. त्यांचें ऐकण्यापूर्वीं एक कागद घ्यावा आणि दोष कोठें कोठें दिसतो व कोठें कोठें दिसत नाहीं तें लिहावें. जो दोष सर्व ठिकाणीं सारखा दिसतो, त्याचें मूळ समाईक जागीं शोधावें. गणिताच्या सर्वच प्रकरणांत जो मुलगा चुकतो, त्यास सगळें गणित पुन्हां शिकविण्याआधीं त्याचे पाढे म्हणवून पाहावे; चौथीच्या वर्गांत फुटलेला एखादा लहानसा बुश तेथें सांपडण्याचा फार संभव असतो. तो सांपडला म्हणजे तो कां फुटला हेंही पाहावें. आणि एवढें करून जो दोष उरेल, तो ज्याचा त्यास सकाळीं आठ वाजतां, गाडी थंड असतांना, दाखवावा. खुंटा हलवून पाहण्यास पैसे पडत नाहींत, थोडा वेळ मात्र द्यावा लागतो. तो आमच्या विद्यार्थ्यांनीं द्यावा, एवढें सांगून आम्ही हा लेख पुरा करितों.